व्हिडिओसाठी पारदर्शक चित्र कसे तयार करावे

काही वर्षांपूर्वी एका सांस्कृतिक मंडळाच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण मी संकलित करत होतो आणि मंडळाचे भगव्या रंगाचे बोधचिन्ह पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायचे होते. हाती आलेल्या जेपीजी प्रतीत ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर होते. मी जादूच्या कांडीसारख्या दिसणाऱ्या अवजाराने पांढरा भाग निवडला, पुसला आणि चित्र थेट टाइमलाइनवर ठेवले. संगणकाच्या लहान खिडकीत ते ठीक वाटले. पण सभागृहातील मोठ्या पडद्यावर, रंगमंचाच्या गडद मरून पडद्यापुढे, बोधचिन्हाभोवती पांढरट दोरा गुंडाळल्यासारखी कडा सर्वांना दिसली. पारदर्शक चित्र तयार करण्याचे बहुतेक कष्ट याच कडेवर खर्च व्हावे लागतात, म्हणून या लेखात तिच्यावरच सर्वाधिक भर दिला आहे.

पारदर्शक चित्राच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांच्या जोडीला अल्फा नावाची, पारदर्शकता सांगणारी चौथी संख्या असते. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी मांडली. पीएनजी या चित्र-प्रकाराच्या नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलमध्ये अल्फाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. जेपीजीत अल्फाची सोयच नाही आणि जीआयएफमध्ये पिक्सेल एक तर दिसतो किंवा दिसत नाही, त्यामुळे गोलाईच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या येतात. व्हिडिओसाठी म्हणूनच पीएनजी वापरावे.

आता कडेचा एकच पिक्सेल जवळून पाहू. काळे अक्षर पांढऱ्या कागदावर असेल, तर कडेचा पिक्सेल निम्मा काळा व निम्मा पांढरा, म्हणजे साधारण १२८ मूल्याचा राखाडी असतो. नुसते पुसण्याचे अवजार त्याला ‘पांढरा नाही’ असे ठरवून तसाच ठेवते आणि गडद पार्श्वभूमीवर तो उजळ दिसतो. खरे तर तो पिक्सेल पूर्ण काळा आणि निम्मा पारदर्शक व्हायला हवा. जिंप या मोफत सॉफ्टवेअरमधील ‘कलर टू अल्फा’ हेच गणित करते: निवडलेला रंग प्रत्येक पिक्सेलमधून वजा करून त्या प्रमाणात पारदर्शकता देते. प्रथम ‘लेयर’ मेनूतील ‘ट्रान्स्परन्सी’मध्ये जाऊन ‘ॲड अल्फा चॅनेल’ निवडावे आणि मगच ही क्रिया करावी.

काळ्या अक्षरांसाठी एवढे पुरते, रंगीत चिन्हासाठी मात्र पुरत नाही. भगव्याचे मूल्य २५५, १५३, ५१ धरा. पांढऱ्यापासून त्याचे सर्वात मोठे अंतर निळ्या घटकात, म्हणजे २५५ पैकी २०४ आहे. त्यामुळे त्याला ८० टक्केच अपारदर्शकता मिळते आणि उरलेल्या २० टक्क्यांतून मागचे दृश्य डोकावते. त्याच खिडकीत ‘ओपॅसिटी थ्रेशोल्ड’ नावाची पट्टी आहे. ती १ वरून ०.८ वर आणली की भगवा पूर्ण भरीव राहतो आणि कडेवरच्या मिश्र पिक्सेलना योग्य प्रमाणात पारदर्शकता मिळते. जेपीजीच्या दाबणीमुळे कडेभोवती पांढऱ्यात जी पुसट घाण उरते, तिच्यासाठी ‘ट्रान्स्परन्सी थ्रेशोल्ड’ किंचित, ०.०३ च्या आसपास वाढवून पाहावे. चिन्हाच्या आत मुद्दाम ठेवलेला पांढरा रंग असेल, उदाहरणार्थ पुस्तकाचे पान, तर आधी ‘फझी सिलेक्ट’ या सारखा रंग निवडणाऱ्या अवजाराने बाहेरचा पांढरा भाग निवडावा, निवड दोन पिक्सेलने वाढवावी आणि क्रिया त्या निवडीतच करावी, अन्यथा पानालाही भोक पडते.

हे झाल्यावर जिंप पारदर्शक जागी दाखवतो त्या राखाडी चौकटींवर विसंबू नये, कारण त्या मध्यम उजेडाच्या असल्यामुळे पांढरी आणि काळी, दोन्ही झालर लपवतात. चित्राच्या थराखाली एक गडद मरून, एक पांढरा आणि एक गडद हिरवा असे तीन थर टाकून ते आळीपाळीने दाखवावेत आणि चित्र ८०० टक्के मोठे करून कडा तपासावी. इंटरनेटवरून घेतलेल्या काही चित्रांत त्या चौकटी चित्राचाच भाग म्हणून रंगवलेल्या असतात, तेव्हा खालचा थर दिसतो की नाही हे पाहणे हीच खात्रीची परीक्षा आहे.

चित्राचा आकार पिक्सेलमध्येच विचारात घ्यावा. प्रति इंच ठिपक्यांचा आकडा छपाईसाठी असतो, व्हिडिओत त्याला अर्थ नाही. १९२० बाय १०८० च्या प्रकल्पात २०० पिक्सेल रुंद दिसणारे चिन्ह मी ४०० पिक्सेलचे बनवतो, म्हणजे ते थोडे मोठे करायची वेळ आली तरी फुटत नाही. चारही बाजूंना काही पिक्सेल रिकामे ठेवावेत, कारण चिन्ह फिरवले की अगदी काठाला टेकलेली रेघ दातेरी होते. नावपट्टी किंवा शीर्षक मात्र पूर्ण १९२० बाय १०८० च्या पारदर्शक पाटीवर, आपापल्या जागी बसवूनच तयार करावे. मजकूर डाव्या-उजव्या काठापासून ९६ आणि वर-खालच्या काठापासून ५४ पिक्सेल आत ठेवावा. दोन्ही बाजूंचे हे पाच टक्के अंतर दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठीही सुरक्षित मानले जाते.

मराठी शीर्षके चित्ररूपाने तयार करण्याचे आणखी एक मोठे कारण आहे. काही संकलन सॉफ्टवेअरच्या अक्षर-अवजारात जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते आणि ‘वाऱ्यावर’मधला र मोडतो. जिंप आणि इंकस्केप हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवतात. जिंपच्या अक्षर-अवजारात भाषा मराठी निवडली आणि फाँटमध्ये सोय असली, तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. आपल्या माणसांची नावे पडद्यावर शुद्ध आणि आपल्या वळणात उमटावीत, यासाठी हा एवढा त्रास मला नेहमीच योग्य वाटत आला आहे. बारीक शिरोरेघ मात्र टाळावी; ती तीन-चार पिक्सेलपेक्षा पातळ असेल तर व्हिडिओ दाबला जाताना तुटक दिसते.

चित्र ‘एक्स्पोर्ट ॲज’मधून पीएनजी म्हणून काढावे आणि थर जपण्यासाठी जिंपची स्वतःची मूळ एक्ससीएफ फाइल वेगळी ठेवावी. पीएनजीच्या नियमानुसार रंग अल्फाने आधी गुणलेला नसतो. या प्रकाराला स्ट्रेट म्हणतात. संकलन सॉफ्टवेअरने तो गुणलेला, म्हणजे प्रीमल्टिप्लाइड समजला, तर तुम्ही एवढी जपलेली कडा पुन्हा बिघडते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समधील अल्फा मोड स्ट्रेट आहे का ते पाहावे. प्रीमियरमध्ये याच कामासाठी ‘मॉडिफाय’खाली ‘इंटरप्रिट फुटेज’ आहे.

चिन्ह हलते हवे असेल, तर चौकटींची, म्हणजे फ्रेम्सची, मालिका काढावी. प्रतिसेकंद २५ चौकटींच्या व्हिडिओत दोन सेकंदांसाठी ५० चित्रे लागतात आणि त्यांच्या नावांत ०००१, ०००२ असे शून्यांसह क्रमांक असावेत, नाहीतर १ नंतर १० येऊन चिन्ह उड्या मारते. मालिकेऐवजी एकच फाइल हवी असल्यास ॲपल प्रोरेस ४४४४ हा अल्फा जपणारा व्हिडिओ-प्रकार निवडावा. प्रोरेस ४२२ किंवा नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये अल्फा टिकत नाही आणि पारदर्शक जागी काळी चौकट येते.