रिहॅब काउन्सेलिंगचं मास्टर्स करायचंय? अर्ज भरायच्या आधी हे विचारा

अमेरिकेत रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंगचं मास्टर्स करायचं म्हटलं की लोक आधी रँकिंग उघडून बसतात, मीही तेच केलं होतं. आता कोणी विचारलं तर सांगते, रँकिंग राहू दे, इंटर्नशिप कुठे मिळते आणि तिथे तुझं काम तपासणार कोण हे आधी विचार.

आधी एक गैरसमज काढून टाकू, रिहॅब म्हटलं की ऐकणाऱ्याला एकतर दारू सोडवायचं केंद्र आठवतं नाहीतर फिजिओथेरपी. हे तसं नाही. अपंग माणसाला नोकरी, शिक्षण, स्वतःच्या पायावर उभं राहणं यासाठी मदत करायची, आणि हे करताना समुपदेशकाची सगळी कौशल्यं वापरायची, असं हे काम. (अपंग म्हणायचं की दिव्यांग यावर वाद घालत बसू नका, समोरच्याला विचारा, तो सांगेल ते म्हणा.)

तर पहिली पायरी, कोर्सला केकरेपची (CACREP, समुपदेशनाच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का ते बघा. पूर्वी या विषयाला मान्यता देणारी कोअर नावाची वेगळी संस्था होती, ती 2017 मध्ये केकरेपमध्ये विलीन झाली, त्यामुळे जुन्या पानांवर कोअरचं नाव दिसलं तर गोंधळू नका. आता 60 सेमिस्टर क्रेडिट्स लागतात, म्हणजे फुल टाइम केलं तर साधारण दोन-अडीच वर्षं. नावंही नीट वाचा, साधं रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग वेगळं आणि क्लिनिकल रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग वेगळं, दुसऱ्यात मानसिक आजारांचं निदान-उपचार हा भाग जास्त. ज्या राज्यात काम करायचंय तिथल्या लायसन्स बोर्डाचे नियम आधी वाचा, कारण प्रत्येक राज्याचं वेगळं असतं आणि हे कॉलेजवाले स्वतःहून सांगतीलच असं नाही.

पैशाचं म्हणाल तर फेडरल सरकारच्या आरएसएकडून (रिहॅबिलिटेशन सर्व्हिसेस अॅडमिनिस्ट्रेशन) काही कॉलेजांना ट्रेनिंग ग्रँट मिळते, त्यातून स्कॉलरशिप देतात. पण फुकट नाही हं, जितकी वर्षं पैसे घेतले त्याच्या दुप्पट वर्षं सरकारी व्होकेशनल रिहॅब एजन्सीत (अपंगांना नोकरीसाठी मदत करणारी) किंवा तिच्याशी जोडलेल्या संस्थेत काम करावं लागतं, नाही केलं तर पैसे परत. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना ही मिळत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर बजेट करू नका.

आता मुद्द्याचं. प्रॅक्टिकमचे (म्हणजे इंटर्नशिपच्या आधीचा प्रत्यक्ष सराव) 100 तास, त्यातले 40 थेट क्लायंटसोबत, मग इंटर्नशिपचे 600 तास, त्यातले 240 थेट. कागदावर सगळीकडे सारखंच, पण प्रत्यक्षात कुणाला त्या तासांत खऱ्या केसेस मिळतात आणि कुणी फाइली लावत बसतं. म्हणून इंटरव्ह्यूला सरळ विचारा, जागा कॉलेज शोधून देतं की मी शोधायची? सुपरव्हायझर स्वतः सीआरसी (सर्टिफाइड रिहॅबिलिटेशन काउन्सेलर) आहे का? माझं सेशनचं रेकॉर्डिंग कोणी ऐकणार आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर समजून जा.

मला हे का महत्त्वाचं वाटतं सांगते. इंटर्नशिपला माझ्याकडे पाठीला मार लागलेला एक ट्रक ड्रायव्हर आला होता, मी दोन रात्री जागून त्याच्यासाठी कॉम्प्युटर कोर्सचा मस्त प्लॅन केला, सुपरव्हायझरने वाचला आणि एवढंच विचारलं, "त्याला विचारलंस?" नव्हतं विचारलं. विचारल्यावर कळलं त्याला डिस्पॅचरचं (कुठला ट्रक कधी कुठे पाठवायचा ते बघणारा) काम हवंय, आणि बघा ना, रस्ते पाठ, वेळेचं गणित पाठ, लॉग ठेवायची सवय, सगळं त्याच्याकडे होतंच. आधीच्या कामातली कौशल्यं नव्या कामात कशी बसतात ते शोधणं, याला ट्रान्स्फरेबल स्किल्स अॅनालिसिस म्हणतात, वर्गात त्यावर पूर्ण धडा झालेला आणि परीक्षेत मार्कही बरे होते मला!

सिलॅबस बघताना मेडिकल आस्पेक्ट्स, असेसमेंट, जॉब प्लेसमेंट हे असतंच. त्यापलीकडे बेनिफिट्सबद्दल शिकवतात का ते बघा. नोकरी लागली की डिसॅबिलिटीचे पैसे लगेच बंद होतील ही भीती क्लायंटला असते. एसएसडीआयमध्ये (आधी नोकरी करून कर भरलेल्या अपंगांना मिळणारे सरकारी पैसे) 9 महिन्यांचा ट्रायल वर्क पिरियड असतो, तेवढ्यात कमाई करूनही पैसे चालू राहतात, पण एसएसआयचे (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी मदत) नियम वेगळे, आणि दोन्हीची सरमिसळ करून सल्ला दिलात तर नुकसान त्याचं होतं.

शेवटी सीआरसीची परीक्षा. हे सर्टिफिकेट 1974 पासून आहे, लायसन्स नाही, दोन्हीत घोळ करू नका. पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी 100 तासांचं शिक्षण किंवा परत परीक्षा, मी तरी तास भरते.