काड पेटवण्याआधी पंप धुतलेल्या पाण्याचा विचार करा

मळणी आटोपली की बांधावर काडाचे आणि तुसाचे ढीग उरतात. पुढच्या पेरणीची घाई असते, म्हणून ते पेटवून दिले जातात. यंदा त्यातले थोडे कोरडे काड झाकून ठेवा. पुढची फवारणी सुरू होण्याआधी त्यापासून औषधाचे पाणी जिरवण्याचा खड्डा तयार होऊ शकतो.

टाकी भरताना सांडलेले औषध आणि विहिरीजवळ पंप धुऊन ओतलेले पाणी रोज त्याच जागी मुरते, म्हणून ते पिकावरच्या फवाऱ्यापेक्षा जास्त घातक ठरू शकते. यावर स्वीडनमध्ये १९९३ साली जैवखड्डा पुढे आला. साधारण ६० सेंमी खोल खड्डा, तळाशी १० सेंमी चिकणमाती, त्यावर ५० सेंमी मिश्रण आणि वर गवत. मिश्रण घनफळाने मोजायचे: दोन भाग चिरलेले काड, एक भाग शेतातली वरची माती, एक भाग पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा). पीटऐवजी चांगले कुजलेले कंपोस्टही वापरतात. काडातले लिग्निन (काडाला कडकपणा देणारा घटक) खाणारी पांढरी बुरशी जी विकरे (एन्झाइम) सोडते, तीच अनेक कीटकनाशके आणि तणनाशके तोडतात. माती आणि कंपोस्ट औषध धरून ठेवतात, म्हणून बुरशीला वेळ मिळतो.

मिश्रण चार ते सहा आठवडे आधी ओलसर करून मुरू द्या. ते ओले असावे, पण त्यात पाणी साचू नये. हवा कोंडली की बुरशीचे काम थांबते. पावसापासून आडोसा हवाच. भूजल वर असेल तर उघडा खड्डा नको, गळती नसलेल्या टाकीत मिश्रण भरा. काड कुजून थर खाली बसतो, म्हणून दरवर्षी नव्याने भर घाला. औषधाचा रिकामा डबा मात्र तीनदा खळखळून ते धुवण फवारणीच्या टाकीतच ओता आणि पिकावर फवारून संपवा. खड्ड्यात जितके कमी जाईल तितके बरे.

तांबेयुक्त बुरशीनाशकाबाबत सावध राहा. तांबे तुटत नाही, मिश्रणात साठतच जाते.

पाण्यात शिसे, कॅडमियम, तांबे असे धातू असतील तर तूस किंवा करवंटी कमी हवेत भाजून केलेला कोळसा उपयोगी पडतो. तो धुऊन, राख काढून वापरा. पाणी फार आम्लधर्मी असेल तर धातू नीट धरले जात नाहीत. नायट्रेट मात्र साध्या कोळशाला फारसे चिकटत नाही. त्यासाठी निचऱ्याच्या चरात लाकडाचे तुकडे भरून ते पाण्याखाली बुडते ठेवतात. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. सुरुवातीला तपकिरी, कुजट पाणी बाहेर येते. ते माशांच्या तळ्यात सोडू नका.

यातले कोणतेही पाणी पिण्यासाठी वापरायचे नाही, कारण यात रोगजंतू मरण्याची खात्री नाही.

वापरून झालेले मिश्रण लगेच शेतात पसरू नका. झाकून वर्षभर कुजू द्या, मग पसरा. धातू शोषलेला कोळसा किंवा तांबे साठलेले मिश्रण मात्र खतात घालू नका, जाळूही नका. घातक कचरा म्हणून वेगळे बांधून द्या.