जुन्या सीडी डेस्कटॉपवर वाचताना

इंदूरच्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर सीडींची थप्पी हमखास निघते: नाट्यगीतं, भजनं, मुलांचा शब्दकोश, प्रिंटरबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी. उन्हाळ्यातली माळव्याची धूळही सोबत असतेच, म्हणून आधी सीडी पुसा. मऊ सुती कापड थोडं ओलं करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. माहिती गोलाकार मार्गावर असते. त्याच दिशेने चरा पडला तर सलग मोठा तुकडा जातो, आडवा चरा ड्राइव्ह बरेचदा सांभाळून घेतो.

लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहितात. खरा धोका तिथेच आहे. चमकणारा धातूचा थर छापील बाजूच्या वार्निशाखाली अगदी वर असतो. खालच्या बाजूला जवळपास १.२ मिमी प्लास्टिक असतं, तिथला चरा पॉलिशने जाऊ शकतो. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीएवढी छिद्रं दिसली तर तिथली माहिती गेली. उरलेली आजच उतरवून घ्या.

नव्या कॅबिनेटमध्ये बहुधा ड्राइव्हला जागाच नसते. यूएसबीची बाहेरची ड्राइव्ह चालते, आर.एन.टी. मार्गावर सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारा. ती कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून) वीज कमी पडली की ड्राइव्ह फिरते, थांबते, पुन्हा फिरते, आणि दोष उगाच सीडीवर जातो.

गाण्यांची सीडी उघडली की ट्रॅक १, ट्रॅक २ अशा सीडीए फाइली दिसतात. त्या कॉपी-पेस्ट करू नका. प्रत्येक फाइल फक्त ४४ बाइटची असते, गाणं कुठे सुरू होतं एवढाच पत्ता तिच्यात. ‘रिप’च करावं लागतं, म्हणजे सीडीवरचं गाणं वाचून त्याची कॉम्प्युटरवर फाइल बनवावी लागते. विंडोज मीडिया प्लेअर लेगसीच्या ‘रिप म्युझिक’ सेटिंगमध्ये फ्लॅक निवडा; त्यात दर्जा न घटता फाइल लहान होते. वेव्ह (न दाबलेली फाइल) घेतलंत तर मिनिटाला साधारण १० एमबी लागतील. ट्रॅकमध्ये टकटक ऐकू आली तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने कमी वेगात पुन्हा उतरवा. तो शंकास्पद तुकडे परत परत वाचतो. वेळ लागतो, पण तानेच्या मधोमध टक् ऐकण्यापेक्षा बरं.

सॉफ्टवेअरची सीडी इतकी उदार नसते. गाण्यात हरवलेला आवाजाचा बारीक तुकडा अंदाजाने भरता येतो, प्रोग्रामात एक बाइट चुकला तरी फाइल निकामी. म्हणून माहितीच्या दर सेक्टरमध्ये (ठरावीक मापाच्या तुकड्यात) चूक दुरुस्तीची जास्तीची माहिती ठेवलेली असते, आणि तीही अपुरी पडली की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ अशी तक्रार येते. अशा वेळी सीडी पुसा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. लेझर जुनं झालं की ड्राइव्ह-ड्राइव्हमध्ये फरक पडतो. वाचली की लगेच आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत, बनवा. विंडोज ८ पासून पुढे ती डबल क्लिकने उघडते.

सीडी वाचली जाते पण सेटअप चालत नाही, हे वेगळं दुखणं. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे जुने सेटअप चालतच नाहीत; विंडोज ११ तर फक्त ६४ बिट. सेफडिस्क या कॉपी रोखणाऱ्या कुलपाचे जुने गेमही विंडोज १० पासून बंद. इथे सीडी घासून उपयोग नाही, जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) टाकावी लागते.

ट्रे अडकला तर कॉम्प्युटर बंद करा, ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप आडवी, अडथळा लागेपर्यंत हळू दाबा. ट्रे थोडा बाहेर येतो, उरलेला हाताने ओढायचा.