फिश ऑइल घेताय? मी केल्या त्या चुका टाळा

गेल्या वर्षी रिपोर्ट आला, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २८०, फास्टिंग शुगर ११२, आणि पोट तर असं की लोकलमध्ये ते आधी चढायचं, मी मागून. डॉक्टर म्हणाले मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे कंबर, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड आणि चांगलं कोलेस्ट्रॉल या पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या की झालं. मी काय केलं, खालच्या केमिस्टकडून फिश ऑइलची डबी आणली आणि संध्याकाळचा वडापाव चालूच ठेवला, म्हटलं आता हार्टची काळजी मिटली! मिटली कसली.

सगळ्यात मोठा घोळ डबीवरच्या आकड्याचा. पुढे ठळक १००० एमजी लिहिलेलं असतं, ते अख्ख्या तेलाचं वजन. डबी फिरवली, चष्मा सापडेना म्हणून बारीक अक्षरं मुलीकडून वाचून घेतली, तर ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे माशाच्या तेलातली ओमेगा-३. कामाचा माल ३०० एमजीच की. ट्रायग्लिसराइड खाली आणायला डॉक्टर २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए देतात, म्हणजे असल्या सात ते तेरा गोळ्या रोज. पण म्हणून आपल्या मनाने वाढवू नका हां, जास्त डोसला हार्टचे ठोके अनियमित व्हायचा धोका वाढतो, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

बरं, आकडा उतरला म्हणजे अटॅक टळला असंही नाही. २०१८ चा असेंड नावाचा अभ्यास, डायबेटिसचे १५ हजारांवर पेशंट, रोज १ ग्रॅमची कॅप्सूल, हार्टला ठळक फायदा नाही. त्याच वर्षी रिड्यूस-इटमध्ये ४ ग्रॅम शुद्ध ईपीएने फायदा दिसला, पण ते प्रिस्क्रिप्शनचं औषध, तेही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉलची गोळी, चालू ठेवून. मी इथे स्टॅटिन बंद करायला निघालो होतो!

कॉड लिव्हर ऑइल वेगळं बरं का, त्यात ए व्हिटॅमिन असतं, ढीगभर खायचं नाही. आणि गोळी फोडल्यावर आंबूस-खवट वास आला तर सरळ फेका, मुंबईच्या दमट हवेत खिडकीत ठेवली की अजून काय होणार.

तारली-बांगडा खाणाऱ्यांनी तर आधी मार्केटच गाठावं, फक्त रवा लावून तेलात पोहवू नका, तिखलं करा.

तीन महिन्यांनीही आकडा हलला नाही तर टेस्टच्या आदल्या रात्री काय घेतलंत ते आठवा. मी भाच्याच्या हळदीत दोन पेग मारून सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलो होतो, दारूने ट्रायग्लिसराइड वर जाणारच की.