तायक्वांदोचा प्रशिक्षक म्हणून आयुष्यभर कसे टिकावे

काळा पट्टा कमरेला बांधला की आपल्याला तायक्वांदो आले, अशी अनेकांची समजूत होते आणि नेमका त्यानंतरच सराव सुटत जातो. ज्याला हा खेळ शिकवण्यात आयुष्य घालवायचे आहे, त्याने प्रथम एक साधी बेरीज करून पाहावी. काळ्या पट्ट्याच्या चढत्या श्रेणी, म्हणजे दान पदव्या देणाऱ्या सोलमधील कुक्कीवॉन या संस्थेच्या नियमांनुसार पहिल्या दाननंतर दुसऱ्यासाठी किमान १ वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी २ वर्षे, चौथ्यासाठी ३ वर्षे अशी प्रतीक्षा वाढत जाते, म्हणजे पहिल्यापासून सातव्या दानपर्यंत सगळे वेळेवर जमले तरी २१ वर्षे लागतात. आठव्यानंतर नवव्यासाठी तर ९ वर्षे थांबावे लागते. इतका लांबचा पल्ला असल्यामुळे सरावाची आखणी करताना पुढच्या परीक्षेच्या तारखेआधी पन्नाशीतल्या गुडघ्यांचा विचार करावा.

प्रवाह कोणता, हेही लवकर ठरवावे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनची परंपरा आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या, आज वर्ल्ड तायक्वांदो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेची परंपरा यांत लढतीचे नियम निराळे आहेत आणि एकट्याने करायचे हालचालींचे क्रमही निराळे आहेत: एकीकडे २४ तुल, दुसरीकडे तेगुक आणि पुढचे पूमसे. वर्गात नाव घालण्यापूर्वी आपले प्रमाणपत्र कोणत्या संस्थेच्या नोंदीत जाणार आहे, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी निःसंकोच विचारावे. हा प्रश्न ऐकून चिडणाऱ्या प्रशिक्षकाकडे न गेलेलेच बरे.

सर्वाधिक वेळ द्यायचा तो आधाराच्या पायाला. दोल्यो चागी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, शिकताना सगळ्यांचे लक्ष हवेत उचललेल्या पायाकडे असते; परंतु इजा बहुधा जमिनीवरच्या पायाला होते. लाथ निघताना आधाराच्या पायाची टाच उचलून तळव्याच्या पुढच्या भागावर पाऊल असे फिरले पाहिजे की टाच लक्ष्याच्या दिशेला येईल. पाऊल जागीच रुतून राहिले आणि कंबर मात्र वळली, तर तो सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. सुरुवातीचे कित्येक महिने लाथ न मारता भिंतीला हात टेकून केवळ पाऊल फिरवणे आणि गुडघा छातीकडे उचलणे एवढेच करावे. कंटाळवाणे वाटले तरी वगळू नये. आपल्याकडे पुष्कळसे वर्ग शाळेच्या सभागृहात किंवा सोसायटीच्या गच्चीवर चालतात. शहाबादी फरशीवर अनवाणी पाऊल कधी चिकटते तर कधी निसटते, आणि उडी मारून उतरताना तिचा हादरा थेट घोट्यापासून कमरेपर्यंत पोहोचतो. म्हणून पहिली कमाई पोशाखावर किंवा फलकावर खर्च न करता चटयांवर करावी.

प्रशिक्षकाचे शरीर झिजण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला फार उशिरा कळले. तो विद्यार्थ्यांचा वॉर्म-अप करून घेतो, स्वतः मात्र शिट्टी घेऊन उभा राहतो, आणि मग अंग थंड असतानाच डोक्याच्या उंचीची लाथ मारून दाखवतो, तीही नेहमी आवडत्या उजव्या पायाने. संध्याकाळच्या तीन वर्गांत मिळून अशी पन्नास प्रात्यक्षिके सहज होतात. माझ्या उजव्या मांडीचा सांधा लढतींमुळे दुखावलेला नाही, अशा दाखवण्यामुळे दुखावलेला आहे. यावर उपाय साधा आहे: विद्यार्थ्यांबरोबर स्वतःही अंग गरम करावे, प्रात्यक्षिक कमरेच्या उंचीवर आणि सावकाश द्यावे, एक दिवस डाव्या पायाने दाखवावे, आणि उंच लाथ दाखवण्यासाठी एखाद्या वरिष्ठ विद्यार्थ्याला पुढे बोलवावे.

स्पर्धा जरूर खेळावी, पण सगळे तंत्र तिच्या नियमांच्या हवाली करू नये. २००० मध्ये सिडनीत तायक्वांदो ऑलिम्पिकचा पदकाचा खेळ झाला, २०१२ मध्ये लंडनला इलेक्ट्रॉनिक छातीकवच आले, आणि गुण मोजण्याची पद्धत बदलताच लाथांची ढबही बदलली. आज छातीवरच्या साध्या लाथेला २ आणि डोक्यावरच्या लाथेला ३ गुण मिळतात, तर गुद्द्याला केवळ १. त्यामुळे स्पर्धक हाताचा सराव सोडून देतात आणि पुढे शिकवायला उभे राहिले की अडवण्याची मूलभूत क्रियाही त्यांना नीट दाखवता येत नाही. वजनगटासाठी मुलांना उपाशी ठेवणे तर पूर्णपणे टाळावे. वाढत्या वयातील मुलाला वरच्या गटात खेळवून एक लढत हरणे परवडते.

मुलांना शिकवताना परीक्षेची घाई नको. कुक्कीवॉनच्या पद्धतीत १५ वर्षांखालील मुलांना दानऐवजी पूम ही पदवी मिळते, कारण तेवढ्या वयात शरीर आणि समज दोन्ही घडत असतात, हे पालकांना प्रवेशाच्या दिवशीच समजावून सांगावे. परीक्षेच्या शुल्कावर वर्गाचे भाडे भागवण्याची सवय लागली की कच्च्या विद्यार्थ्याला नापास करण्याचे धैर्य उरत नाही. मासिक शुल्क थोडे वाढवावे, परंतु हे टाळावे.

चाळिशीनंतर उड्यांचा सराव निम्म्याहून कमी करून तो वेळ मांड्या, नितंब आणि पाठ बळकट करण्याकडे वळवावा आणि पूमसेकडे नव्याने पाहावे. २००६ पासून पूमसेच्या जागतिक स्पर्धा होतात आणि त्यांत ज्येष्ठांचेही वयोगट असतात, तेव्हा ध्येय हवेच असेल तर तेही आहे. महिन्यातून एकदा नवशिक्यांचा तेगुक इल जांग, त्याच्या अवघ्या १८ हालचाली, आरशाशिवाय करून मोबाइलवर चित्रित करावा आणि मागच्या वर्षीच्या चित्रणाशेजारी ठेवून पाहावा. खांदा केव्हा उचलला जाऊ लागला, पाऊल कुठे आखूड पडू लागले, हे त्यात स्पष्ट दिसते.

साठीच्या आधीच आठवड्यातला एक वर्ग वरिष्ठ विद्यार्थ्याच्या हाती पूर्णपणे सोपवावा. त्या दिवशी आपणही डोबोक, म्हणजे सरावाचा पोशाख घालून रांगेत शेवटी उभे राहावे, त्याने ‘चार्योत’ म्हटले की सावधान व्हावे, आणि त्याची चूक दिसली तरी ती वर्ग संपून मुले चपला घालून बाहेर गेल्यावरच त्याला सांगावी.