अनुदान शोधताय? आधी जुन्या याद्या वाचा

संस्थेतले पैसे संपत आले की पहिली घाई प्रस्ताव लिहिण्याची होते. मग तोच प्रस्ताव पन्नास फाउंडेशनांना जातो. बहुतेकांकडून उत्तरही येत नाही. खरं काम त्याआधीचं असतं.

सुरुवातीला एका कागदावर लिहा: काम कोणासाठी, कुठे, आणि वर्षभरात नेमका किती खर्च. ‘शिक्षण’ एवढ्यावर शोध लागत नाही. ‘शाळा सुटलेल्या किशोरवयीन मुली’ असं लिहिलंत की लागतो.

मग नावं गोळा करा. अमेरिकेतल्या ‘कँडिड’ या संस्थेची फाउंडेशनांची सूची आहे, ब्रिटनमधल्या अनुदानांसाठी ‘३६०गिव्हिंग’ या संस्थेचं ‘ग्रँटनॅव्ह’ हे मोफत शोध-संकेतस्थळ आहे. मला मात्र सगळ्यात उपयोगी वाटतात ते आपल्यासारखंच काम करणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल. देणगीदारांची नावं बहुधा शेवटच्या पानांवर सापडतात.

आता इथे वेळ घाला. फाउंडेशन स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा त्याने पैसे कोणाला दिले ते पाहा. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांना दरवर्षी करखात्याकडे ‘९९०-पीएफ’ हा फॉर्म भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ या संकेतस्थळावर फुकट. त्यात प्रत्येक अनुदान कोणाला, किती, कशासाठी हे असतं. तीन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवा. दरवर्षी तीच नावं दिसली, तर नव्या संस्थेला तिथे फारशी जागा नाही. तुमच्याएवढ्या संस्थांना साधारण किती मिळाले, त्याच्या आसपासच मागा. आणि एक चौकट नक्की शोधा: आधीच निवडलेल्या संस्थांनाच देतो, न मागवलेले अर्ज घेत नाही, असं सांगणारी. तिथे खूण असेल तर ओळखीतून वाट निघाली तरच, नाहीतर ते नाव खोडा. या एका चौकटीने कित्येक रात्रींची जागरणं वाचतात.

पन्नासातली पाच-सहा नावं उरली तरी पुष्कळ. त्यांची पात्रता, शेवटची तारीख, दुसऱ्या देशातल्या संस्थेला देतात का, हे पाहून घ्या. चौकशीचं छोटं पत्र आधी पाठवा. चालत असेल तर फोन करा, पण त्यांच्या संकेतस्थळावर छापलेलंच विचारू नका.

पूर्ण प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात भाडं आणि हिशेबनिसाचा पगार दाखवायला लाजू नका. ते लपवलं तर पुढे खिशातून भरावं लागतं. नकार आला तर कारण विचारा आणि पुढच्या फेरीची तारीख लगेच टिपून ठेवा.