काजूच्या उतारावरची माती तळ्यात जाण्याआधी

पहिल्या मोठ्या पावसात व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी काचेच्या बाटलीत भरून, हलवून, खिडकीत ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्याला (वाळूहून बारीक मातीला) काही तास लागतात. दुसऱ्या दिवशीही पाणी लालसरच राहिले तर ती चिकणमाती. खरी गोम तिच्यातच आहे.

जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर, आणि स्फुरद (फॉस्फरस) त्यांना घट्ट चिकटून असतो. नत्र (नायट्रोजन) पाण्यात विरघळून निघून जातो. स्फुरद मात्र मुख्यतः या बारीक कणांवर बसून जातो. हेक्टरी 1 मिलिमीटर माती धुपली, तर डोळ्यांना काही दिसतही नाही, पण सुमारे 13 टन गेलेली असते. किलोमागे अर्धा ग्रॅम स्फुरद धरला तरी साडेसहा किलो झाला, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटच्या जवळजवळ दोन पोत्यांतला. वाहती नदी निदान काही पुढे ढकलते. गोव्यातल्या मये, करमळीसारख्या तळ्यांत आलेला गाळ बराचसा तिथेच बसतो. तळाशी प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते, स्फुरद पुन्हा पाण्यात उतरतो, आणि त्यावर शेवाळ वाढून पाणी हिरवे होते. म्हणून नवी माती बंद केल्यावरही तळे लगेच निवळत नाही.

आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक काजूच्या हंगामातच होते. बिया वेचायला सोपे जावे म्हणून खालची जमीन साफ करतात, पाचोळा जाळतात, आणि जूनचा पाऊस उघड्या उतारावर कोसळतो. साफ करा, पण जाळू नका. पाचोळा आणि छाटलेल्या फांद्या उताराला आडव्या ओळींत रचा.

त्यासाठी समपातळी रेषा आखावी लागते. दोन मीटरच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधा, मधोमध आडवी पट्टी ठोका आणि वरून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडा. चौकट दोन खुंट्यांवर उभी करा, दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी; दोरी तिथे येईल अशी चौकट उतारावर पुढे सरकवत रेषा आखा. पायांची ही अदलाबदल टाळली की रेषा नकळत कलते, पाणी एका टोकाला साचते आणि तिथेच बांध फुटतो. ओळंब्याला जड दगड घ्या, हलका वाऱ्यावर झुलतो.

रेषेवर वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सेंटिमीटर अंतराने लावा, पाऊस लागताच. दोन ओळींच्या उंचीत 1 ते 2 मीटरचा फरक असू द्या. उतार जितका उभा, तितक्या ओळी जवळ. मधे तुटलेली जागा आठवड्यात भरा, कारण सगळे पाणी त्याच भोकातून धावते. काजूच्या झाडाला खोडापासून सुमारे 2 मीटरवर, उताराच्या खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घाला. खणताना हातभर खाली चिरा (जांभा दगड) लागला तर चर सोडून द्या, जांभ्याच्या तुकड्यांचा दगडी बांध घाला.

कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) माडाच्या सोडणांचा (नारळाच्या सालींचा) उपयोग दोन प्रकारे होतो, आणि इथे लोक हमखास गोंधळतात. चरात पुरायची तर पोकळ बाजू वर, म्हणजे पाणी धरते. जमिनीवर अंथरायची तर पोकळ बाजू खाली. उलटे झाले तर वाट्यांत पाणी साचून डास होतात.

खताची वेळही पाहा. पावसावरच्या माडाला एक तृतीयांश खत पावसाच्या तोंडावर आणि उरलेले सप्टेंबरात देतात. जुलैच्या मुसळधारेत टाकलेले खत व्हाळाला दिल्यासारखेच. आळ्यात टाकून मातीत मिसळा, वर पसरून ठेवू नका. शेणखताचा ढीग व्हाळाच्या काठापासून दूर, उंचवट्यावर, झाकून ठेवा.

व्हाळाच्या काठाला 3 ते 5 मीटर गवत आणि झुडपे तशीच राहू द्या. गाळखड्डा सगळ्यांत शेवटी खणा. तो वाळू अडवतो, चिकणमाती त्यातून सरळ निघून जाते. सप्टेंबरात बाटली पुन्हा भरून पहिलीच्या शेजारी ठेवा. लाली तितकीच असेल तर वरच्या ओळींतले भोक शोधायला जा.